शपथपत्र



"बोल, पण पक्षाचं नाव घेऊ नकोस," असं संयोजकांनी सकाळीच बजावलंय. नाही घेणार. मी एका कागदाबद्दल बोलणार आहे.

निवडणुकीच्या अर्जासोबत उमेदवार शपथपत्र देतो. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित फौजदारी खटले लिहावे लागतात. हा कागद सहज मिळालेला नाही. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती सक्तीची केली. त्यावर, एरवी एका बाकावर न बसणारे पक्ष एकत्र आले आणि कायदा बदलून ती सक्ती पातळ केली! मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ते कलमच रद्द केलं.

माहिती मिळाली की आपण शहाणे होऊ, असं मला तेव्हा वाटलं होतं. २००९ च्या लोकसभेत स्वतःवरचे खटले जाहीर केलेले १६२ खासदार होते. २०२४ मध्ये २५१. खटला म्हणजे दोष सिद्ध नव्हे, आंदोलनातले गुन्हेही त्यात येतात, हे मान्य. पण सगळेच काही आंदोलक नाहीत.

पैशाचंही तसंच. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख, त्याच्या पक्षाला मर्यादाच नाही. निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाले. तोवर सहा वर्षं कोणी कोणाला किती दिले, हे आपल्याला कळत नव्हतं.

आता उमेदवाराला आपल्यावरचे खटले वर्तमानपत्रात तीनदा छापावे लागतात. असाच व्यक्ती का निवडला हे पक्षाने सांगायचं, आणि 'निवडून येतो' एवढंच कारण चालत नाही. आमच्या भागातल्या एकाची ती जाहिरात मी वाचली. श्रद्धांजली आणि फ्लॅट विक्रीच्या मधे, बारीक टाइपात. शेजाऱ्यांना दाखवली. ते म्हणाले, "अहो, पण फोन केला की काम होतं ना!" खरंच होतं. आईचा एक दाखला कचेरीत चार महिने अडला होता. त्याच्या माणसाने दोन दिवसांत आणून दिला.

मत मी त्यालाच दिलं. नागरिकशास्त्र शिकवणारे सर पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून हे सांगताना जरा अडखळतोय.