जुलाबात पाणी तोडू नका



पावसाळा सुरू झाला की घरोघरी लहान मुलांचे पोट बिघडू लागते. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे बजावतात, "पाणी देऊ नका, पाण्याने जुलाब वाढतात." या सल्ल्यामागील माया खरी, परंतु सल्ला मात्र घातक होय. जुलाबाने मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. जुलाब तत्काळ थांबविणे आपल्या हाती नसते. गेलेले पाणी भरून काढणे मात्र असते.

बिघडलेले आतडे हे पाणी शोषील कसे, असा प्रश्न कोणी विचारील. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र आली की ती आतड्याच्या अस्तरातून जोडीने आत शिरतात व त्यांच्यामागोमाग पाणीही ओढले जाते. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजीत. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले.

आज हेच औषध ओ. आर. एस. या नावाने पुडीत मिळते. सरकारी आरोग्य केंद्रात ते विनामूल्य देतात. पुडीवर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव अश्रूंहून खारट लागता कामा नये. उरलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. बाजारी गोड पेये हा त्याला पर्याय नव्हे. अधिक साखरेने जुलाब वाढतात.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक कप पाणी चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. मोठ्या मुलास पेज, वरणभात, ताक चालू ठेवावे. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यास जुलाब थांबले तरी पूर्ण दिवस द्याव्यात.

मात्र डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली, लघवी होईनाशी झाली, मूल गुंगीत पडून राहू लागले, काही पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नये. वाटेत पाणी पाजीत थेट रुग्णालय गाठावे.

पुढचा पाऊस येण्यापूर्वी दोन पुड्या आणून फडताळात ठेवाव्यात. आणि घरातील आजींनाही हे सारे नीट समजावून सांगावे. कारण मुलाच्या उशाशी रात्रभर जागतात त्या त्याच.