थांब्यावरची एक पायरी

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला गेली. तेव्हापासून प्रवासाची गोष्ट निघाली की आपण बोलतो ते गाडीबद्दल, नाही तर भाड्याबद्दल. भाड्याचे तर अलीकडे पुष्कळच हलके झाले. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट पडू लागले. मोहोळकडची, अक्कलकोटकडची एखादी आजी त्यामुळे नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूरला यायचे मनात आणू शकते.

पण तिला जायचे असते नवी पेठेत, आणि एसटी तिला सोडते स्टँडवर. पुढे शहरातली बस, तिचा थांबा, आणि बाजार करून हातात पिशव्या घेऊन पुन्हा तोच थांबा. तिथे गुडघे बोलू लागतात. तिकीट माफ झाले, पायरी माफ झाली नाही!

ही पायरी किती उंच असते? शहरी बसगाड्यांसाठी केंद्र सरकारने जी मापे ठरविली, त्यांत रस्त्यापासून गाडीच्या तळाची उंची तीन प्रकारची धरली आहे: ९० सेंटिमीटर, ६५ आणि ४०. चाळिसाची गाडी आली आणि थांब्याचा कट्टा पंधरा सेंटिमीटरचा असला, तर चढायला पंचवीसच उरतात, तेही गाडी कट्ट्याला लागून उभी राहिली तर. ती दोन हात लांब उभी राहिली की कट्टा असून नसल्यासारखा. माणसाने आधी कट्ट्यावरून खाली उतरायचे आणि मग रस्त्यावरून सगळी उंची चढायची. कुबडी घेतलेल्याने, पोटुशी बाईने, कडेवर मूल घेतलेल्या आईने हे कसे करावे?

ड्रायव्हरला दोष देणे सोपे आहे, पण तो तरी काय करील? बाजारपेठेतल्या थांब्यापुढे रिक्षा उभ्या असतात, त्यांच्यापुढे हातगाडी, आणि उरलेल्या जागेत कुणाची तरी मोटारसायकल, ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणून लावलेली. बारा मीटर लांबीची गाडी आत वळवून कडेला घ्यायची तर पुढेमागे मोकळी जागा पाहिजे. ती नाही, म्हणून बस भररस्त्यात थांबते. बसथांब्याजवळ वाहन उभे करू नये, असे वाहतुकीचे केंद्रीय नियम स्पष्ट सांगतात. तेव्हा माझ्या मते थांब्यावरची पहिली सोय म्हणजे मोकळी जागा. तिला खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि म्हणूनच की काय, तिचे उद्‌घाटन करायला कुणी येत नाही.

बाहेरच्या देशांतही हाच पेच पडला होता. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९९१ साली काचेच्या नळकांड्यांसारखे थांबे उभारले. त्यांची जमीन व गाडीचा तळ एका पातळीवर, त्यामुळे घरातल्या घरात खोली बदलावी तसे आत जायचे. जर्मनीत कासेल येथे निराळी युक्ती निघाली. तिथे थांब्याच्या कडेचा दगडच आतून खोलगट केला. चाक त्याला टेकले की आपोआप सरळ होते, टायर घासत नाही, आणि ड्रायव्हर न भिता गाडी अगदी जवळ आणतो. आपल्याकडे असा दगड घडविणे काही अवघड नाही.

आता बाकीचे थोडक्यात. सोलापूरचा मे महिना तुम्हांला सांगायला नको. शेडचे तोंड पश्चिमेला असेल तर दुपारी चारला ऊन छपराखालून सरळ अंगावर येते. सावली पडते ती शेडच्या मागे, आणि माणसेही मग मागेच उभी राहतात. बाकाला हात हवेत, धरून उठता येते. पाटीचे म्हणाल, तर सोलापुरात मराठीबरोबर कानडी आणि तेलुगू घराघरांत चालते. निदान गाडीचा नंबर तरी मोठा, आणि दोन्ही प्रकारच्या आकड्यांत लिहावा. आणि मुतारीची गोष्ट चारचौघांत काढत नाहीत म्हणून टाळू नये. बाजाराला आलेल्या कितीतरी बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, ते तहान नसते म्हणून नव्हे.

२०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१व्या कलमात बसथांब्यांचा नावाने उल्लेख आहे, आणि स्वच्छतागृहांचाही. म्हणजे हे मागणे भीक नव्हे.

गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक काम आहे. मापनाचा धडा एक दिवस आपल्या गावच्या थांब्यावर घ्या. मुलांना टेप द्या. कट्टा किती उंच, गाडीची पहिली पायरी किती, गाडी कट्ट्यापासून किती लांब थांबली, चार वाजता सावली कुठे पडली, हे वहीत मांडू द्या. दहा गाड्यांची मापे झाली की तक्ता तयार करा. गावचा थांबा असेल तर ग्रामपंचायत आणि एसटीचा आगार, नवी पेठेसारखा शहरातला असेल तर महानगरपालिका आणि वाहतूक पोलीस, अशा दोन्हीकडे एकेक प्रत द्या. अर्जावर तारीख घाला, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.