ख्रिस्ती शास्त्र जशाचें तसें राहिलें काय?
(एका खेड्यांतील वाचनालयांत झालेलें भाषण)



मागच्या आठवड्यांत ह्याच वाचनालयाच्या ओट्यावर दोन तरुणांची हमरीतुमरी झाली. एक म्हणे, ख्रिस्ती लोकांच्या बायबलांत दोन हजार वर्षांत काना-मात्रेचाहि फरक झालेला नाहीं. दुसरा म्हणे, तें सगळें पाद्र्यांनीं मागाहून रचलेलें आहे. पुस्तक उघडून मात्र दोघांपैकीं एकानेंहि पाहिलें नव्हतें! म्हणून चालकांनीं मला हा विषय दिला. मी ख्रिस्ती नाहीं. कोणास ख्रिस्ती करावें किंवा कोणाच्या श्रद्धेची टवाळी करावी, ह्यासाठींहि मी उभा नाहीं. प्रश्न कागदाचा आहे, आणि कागदापायीं आपल्या घराण्यांनीं इतकें सोसलें आहे कीं तो आपणांस चटकन् समजेल.

सावकाराच्या खताची गोष्ट घ्या. आपल्या आजा-पणज्यांनीं खतावर अंगठा उठविला. खत एकच, आणि तें सावकाराच्या पेटींत. शंभराचे पांचशें झाले तर ओळखावें कशावरून? पण त्याच खताच्या नकला दहा गांवांत दहा निरनिराळ्या माणसांपाशीं असत्या तर? प्रत्येक नकलेंत लिहिणाराची कांहींना कांहीं चूक निघाली असती; पण दहाहि नकलांत एकच खोटा आंकडा घुसविणें सावकाराच्या बापालाहि जमलें नसतें. एवढें ध्यानांत ठेवा म्हणजे पुढचें सर्व सोपें जाईल.

ख्रिस्ती लोकांचा "नवा करार" मूळ ग्रीक भाषेंत लिहिला गेला. लिहिणारांच्या हातचा एक कपटाहि आज उरलेला नाहीं. आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला. फार जुना म्हणून ज्याकडे बोट दाखवितात तो योहानाच्या शुभवर्तमानाचा एक तुकडा मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयांत आहे. तो इजिप्तांत १९२० सालीं विकत घेतला व १९३५ सालीं छापून प्रसिद्ध झाला. आकार तळहाताहून लहान, काळ बहुधा दुसरें शतक. शितावरून भाताची परीक्षा करावी हें खरें, पण येथें शीतहि अर्धेंच आहे. जवळजवळ सबंध ग्रंथ हातीं येतो तो चौथ्या शतकांतला. ह्याशिवाय लहानमोठीं ग्रीक हस्तलिखितें पांच हजारांवर आहेत; त्यांतलीं बहुतेक नवव्या शतकानंतरचीं.

नक्कल करणारा हा तुमच्याआमच्यासारखाच माणूस. जुन्या ग्रीक लिहिण्यांत, आपल्या मोडी दप्तराप्रमाणेंच, शब्द तोडून लिहीत नसत. दोन ओळींचा शेवट सारखा आला कीं डोळा एकीवरून दुसरीवर घसरे, आणि मधला मजकूर गळे. कोणी वाचणारानें समासांत टीप लिहून ठेवावी, तर पुढच्या नकलकारानें ती पोटांत घ्यावी. कोणी भाविक तर शास्त्रच सुधारावयास बसे! रोमला पोपच्या ग्रंथालयांत चौथ्या शतकांतलें एक जाडें हस्तलिखित आहे. त्यांत एकानें जुना शब्द खोडून नवा घातला. पुढें शेंकडों वर्षांनीं दुसऱ्यानें तो जुना शब्द परत बसविला आणि पहिल्याला मूर्ख म्हणून समासांतच शिवी हांसडली. ती शिवी आजहि वाचतां येते. मला तर तो फटकळ माणूस मोठा इमानी वाटतो.

१७०७ सालीं जॉन मिल ह्या इंग्रज विद्वानानें आपल्या हातीं आलेल्या नकला ताडून सुमारें ३०,००० फरक छापून टाकले. पुष्कळ धर्माधिकारी घाबरले. आतां शास्त्र बुडालें म्हणाले. बुडालें नाहीं. नकला जितक्या जास्त तितके फरक जास्त सांपडणारच, आणि तितकीच चूक धरण्याची साधनेंहि जास्त. आज फरक लाखांनीं मोजतात; परंतु त्यांतले बहुतेक शुद्धलेखनाचे किंवा शब्द मागेंपुढें झाल्याचे आहेत. शिवाय लॅटिन, सुरियानी व इजिप्तची कॉप्टिक ह्या भाषांत जुन्या काळींच भाषांतरें झालीं. इतक्या ठिकाणीं विखुरलेला ग्रंथ एका रात्रींत कोणी बदलूं शकत नाहीं.

पण सगळेच फरक किरकोळ नाहींत, आणि येथें पहिल्या तरुणानें कान द्यावा. मार्काच्या शुभवर्तमानाचीं शेवटचीं बारा वचनें चौथ्या शतकांतल्या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत नाहींत. तेथें गोष्ट संपते ती बायका भिऊन कबरेपासून पळाल्या येथेंच. मागाहून जोडलेल्या त्या वचनांत असें आहे कीं श्रद्धावान् सर्प हातीं धरतील आणि विष प्याले तरी त्यांस बाधणार नाहीं. आतां ह्याचा परिणाम पाहा. अमेरिकेंतल्या डोंगरी मुलुखांत गरीब ख्रिस्ती लोकांचा एक पंथ निघाला. ते प्रार्थनेच्या वेळीं जिवंत विषारी साप हातांत धरूं लागले. ह्या चालीचा मोठा प्रचारक जॉर्ज हेन्सली १९५५ सालीं सर्पदंशानेंच मेला. दुसऱ्या कोणाच्या हातच्या बारा वचनांपायीं माणसें मेलीं! साप म्हणजे काय हें रानांत राबणारास सांगावयास नको.

दुसरें उदाहरण. ईश्वर एक असून तिघांत आहे, ह्या मताला उघड आधार देणारें एक वाक्य योहानाच्या पहिल्या पत्रांत छापीत असत. जुन्या ग्रीक नकलांपैकीं एकींतहि तें नाहीं; तें लॅटिनांतून आलें. एरास्मस ह्या पंडितानें १५१६ व १५१९ सालीं ग्रीक नवा करार छापला तेव्हां तें गाळलें. मोठा ओरडा झाला. मग त्याच सुमारास लिहिलेली एक ग्रीक नक्कल, वाक्यासकट, त्याच्यापुढें आली, आणि १५२२ च्या आवृत्तींत त्यानें तें घातलें. पुढें न्यूटननें, तोच आकाशांतल्या ग्रहांचें गणित मांडणारा, १६९० सालीं हें वाक्य मागून घुसविलें आहे असें लिहून ठेविलें. पण त्याच्या हयातींत तें छापलें गेलें नाहीं. १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारांतून मात्र तें वाक्य गेलें. काढणारे कोण? ख्रिस्ती विद्वानच. त्यांच्या ह्या धैर्याबद्दल त्यांस मुजरा केला पाहिजे.

जुन्या कराराचेंहि असेंच. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहेंत मेंढपाळांस मडक्यांतल्या गुंडाळ्या सांपडल्या. त्यांत यशयाचें पुस्तक निघालें, पूर्वीं ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारें हजार वर्षांनीं जुनें. लेखनाचे फरक पुष्कळ, कोठें शब्दहि निराळे, पण पुस्तक तेंच. आणि तेथल्याच गुहांत यिर्मयाच्या पुस्तकाची एक आंखूड तऱ्हाहि निघाली! म्हणजे एक पुस्तक बरेंचसें जसेंच्या तसें, तर दुसरें प्राचीन काळींच दोन रूपांत चालत होतें.

तर माझा निवाडा असा. तिसऱ्या-चौथ्या शतकापासून पुढें ह्या ग्रंथांत कोठें काय बदललें तें बहुतेक धरतां येतें. त्याच्याआधींच्या काळाची साक्ष तोकडी आहे. आणि मूळ लिहिल्यापासून पहिल्या पाऊणशें-शंभर वर्षांत काय झालें असेल तें नकलांवरून सांगतां येत नाहीं. शिवाय नक्कल बरोबर ठरली म्हणजे खतांतला मजकूर खरा ठरला असें होत नाहीं. तो निराळा दावा आहे, आणि तो ज्याचा त्यानें आपल्या बुद्धीनें चालवावा.

कोणी म्हणेल, आमचा वेदहि अक्षर न बदलतां मुखपाठानें राहिला. राहिला असेल, त्या घोकणाराच्या मेहनतीला मी नांवें ठेवीत नाहीं. पण तो ज्यांच्या कानांवर पडूं दिला नाहीं त्यांनीं तो ताडून पाहावा कसा? युरोपांतहि हेंच चाललें होतें. इंग्लंडांत १४०९ पासून बिशपच्या परवानगीवांचून शास्त्राचें इंग्रजी भाषांतर करण्यास बंदी होती. विल्यम टिंडल हा एका पढिक धर्माधिकाऱ्याला म्हणाला, असें सांगतात, कीं मी जगलों तर नांगर हांकणाऱ्या पोराला तुझ्याहून जास्त शास्त्र कळेल असें करीन. त्यानें ग्रीकवरून केलेला नवा करार १५२६ सालीं छापला. तो चोरून इंग्लंडांत गेला, आणि लंडनांत त्याच्या होळ्या झाल्या. १५३६ सालीं ब्रुसेल्सजवळ टिंडलला गळा आवळून मारलें व प्रेत जाळलें. नांगऱ्याच्या पोरासाठीं एवढी शिक्षा!

आपल्या मराठींत पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या भाषेंत आणलें. त्या १९२२ सालीं वारल्या. पुस्तक १९२४ सालीं त्यांच्याच केडगांवच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यांतून निघालें.

ओट्यावर भांडणाऱ्या त्या दोघां गड्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. वाचनालयाच्या कपाटांत बायबलाची एक प्रत आहे, आणि गांवांतल्या ख्रिस्ती बिऱ्हाडीं दुसरी, जुनी, मिळेल. दोन्ही घेऊन एकत्र बसा, मार्काचा शेवटचा अध्याय काढा, आणि त्या बारा वचनांपाशीं कोणत्या प्रतींत कंस किंवा टीप घातली आहे आणि कोणत्या प्रतींत नाहीं, तें पुढच्या रविवारीं येथें येऊन सांगा.