पितळेचे मोल आणि पाण्याची वाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



मुंबईतील उंच इमारतींच्या फाटकाजवळ लाल रंगाची नळाची तोंडे असतात. आग लागली की अग्निशमन दलाचा बंब आपली नळी तेथे जोडतो आणि इमारतीतील उभ्या जलवाहिनीत दाबाने पाणी चढवितो. एरवी तिकडे कोणाचे लक्ष जात नाही; जाते ते भंगाराचा भाव ठाऊक असलेल्याचे. कारण हे जोड, त्यांची झाकणे आणि मजल्यांवरील झडपांचे भाग पुष्कळदा पितळेचे किंवा गनमेटलचे असतात.

एक झाकण गेले तर काय बिघडते? उघड्या तोंडात दगड आणि कचरा शिरतो व ऐन आगीत तोच वर जाऊन नळीच्या टोकाशी अडकतो. आतली रबरी चकती नसली तर जोड गळतो. कडा चेपली असली तर नळी बसतच नाही. खालच्या मजल्यावरची झडप चोरीस गेली असेल तर पाणी तेथेच वाहून जाते. दर १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १ किलो दाब खर्ची पडतो. म्हणजे पाण्याची सर्वाधिक वाण सर्वांत वरच्या बिऱ्हाडाला भासते.

हा दोष केवळ गरीब देशांचा नव्हे. न्यूयॉर्कमधील डॉइश बँकेची जुनी इमारत २००१ च्या हल्ल्यात निकामी झाली होती आणि ती टप्प्याटप्प्याने उतरविली जात होती. १८ ऑगस्ट २००७ रोजी तेथे आग लागली. तळघरातील जलवाहिनीचा सुमारे ४२ फुटांचा तुकडा आधीच कापून काढलेला होता. बाहेरून पाणी दिले, पण ते वर पोचले नाही आणि अग्निशमन दलाच्या दोन जवानांचा मृत्यू झाला. अशा इमारतीची दर पंधरा दिवसांनी तपासणी करण्याचा नियम होता. तो पाळला गेला नव्हता. २०११ मध्ये खटल्यातील तिन्ही पर्यवेक्षक निर्दोष सुटले.

समाजवाद्यांनी यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ती इमारत त्या वेळी एका सार्वजनिक महामंडळाच्या मालकीची होती. मालकी सार्वजनिक असूनही काम कंत्राटदार व उपकंत्राटदार यांच्या साखळीत वाटले गेले आणि जबाबदारी त्या साखळीत हरवली. केवळ मालकी बदलल्याने देखरेख आपोआप सुधारत नाही.

महाराष्ट्रात कायद्याची उणीव नाही. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांच्या २००६ च्या अधिनियमानुसार ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावयाचे असते. परंतु ज्याच्या इमारतीची तपासणी व्हावयाची, तोच तपासणाऱ्याचे बिल चुकवितो. अशा व्यवहारात प्रमाणपत्र स्वस्त पडते आणि दुरुस्ती महाग. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या उंच इमारतीत तर यंत्रणा बसवितो विकासक, आणि ती सांभाळण्याचा नित्य खर्च येतो तुटपुंज्या मिळकतीच्या कुटुंबांवर. चोरी झाली की दोष मात्र कंत्राटी रखवालदाराच्या माथी मारला जातो. त्याच्या हाती ना अधिकार असतो, ना नवे झाकण.

यावर उपाय अवघड नाहीत. रखवालदाराच्या रोजच्या फेरीत या जोडांची नोंद व्हावी. जोड तुटलेला वा गायब आढळताच सोसायटीला व नजीकच्या अग्निशमन केंद्राला त्याच दिवशी लेखी कळवावे, म्हणजे गरज पडल्यास जिन्यावरून नळी नेण्याची तयारी जवानांना ठेवता येईल. तात्पुरते झाकण लावावे. पण वाहिनी धुऊन काढल्याशिवाय आणि दलाच्या नळीला बसेल असाच नवा जोड लावून दाबाची चाचणी घेतल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये. चोरीचा मोह कमी व्हावा म्हणून झाकणे तरी भंगारात मोल नसलेल्या पदार्थाची असावीत. प्रमाणपत्राची प्रत फाटकाशी लावावी, आणि पुनर्वसित इमारतींच्या देखभालीचा भार पालिकेने उचलावा, ही मागणी वॉर्डावॉर्डांतून पुढे यावी.

कार्यकर्त्याने येत्या रविवारी आपल्या वस्तीतील एका इमारतीचे फाटक पाहावे. झाकण नसेल तर अर्ज तेथेच लिहावा व वरच्या मजल्यावरील रहिवाशांची पहिली सही घ्यावी.