गिऱ्हाईक, कापड आणि आपण
(हिवरखेड येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हिवरखेडच्या माणसाला कापूस म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. परंतु आपल्या शिवारातला कापूस कापड होऊन आपल्या अंगावर येतो की नाही, हे कोण ठरवते? सरकार, कारखानदार, व्यापारी ही तीन नावे आपण घेतो. चौथे विसरतो, ते गिऱ्हाइकाचे.

१८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे आगगाडी आली. येथला कापूस विलायतेला जाऊ लागला आणि तेथले स्वस्त, तलम कापड आपल्या बाजारात आले. लोकांनी ते घेतले. कित्येक गावांचे माग थंडावले. तरी सगळेच विणकर बुडाले नाहीत. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर मालेगाव, भिवंडीत स्थिरावले. मालेगावी रंगीत, काठापदराची लुगडी विणली जात. शेतकरी बायांना हवा तो रंग, हवा तो काठ मागावर मिळे. गिऱ्हाइकाची आवड ओळखली, म्हणून माग टिकला.

३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी मुंबईत परदेशी कापडाची होळी केली, ती परळला उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात. गिऱ्हाइकाने 'नको' म्हटले तर काय होते, हे त्या काळात देशाने पाहिले.

पुढे टेरिलीन, टेरीकॉट, पॉलिएस्टर आले. रात्री धुतले की सकाळी वाळते, इस्त्री नको, लवकर फाटत नाही. दोन लुगड्यांवर वर्ष काढणाऱ्या मजूर बाईने ते पसंत केले, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? पण मालेगावची रंगीत सुती साडी त्यामुळे मागे पडली, हेही खरे. १९८२ साली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला आणि बरेच काम यंत्रमागांकडे गेले. नागपूरची १८७७ सालची एम्प्रेस मिलही आज राहिली नाही.

मग आपण काय करावे? पालकहो, ईदचे वा लग्नाचे कापड घेताना दुकानदाराला एवढे विचारा: यात सूत किती, आणि हे विणले कोठे? परवडेल तेथे एक तरी वस्त्र सुती घ्या. उपकार म्हणून नव्हे. वऱ्हाडच्या उन्हात तेच सुखाचे असते.

विद्यार्थ्यांनो, तुमचे काम याहून मोठे आहे. यंत्रमागवाले पुष्कळ जण व्यापाऱ्याकडून सूत घेतात आणि मजुरीवर विणून देतात. गिऱ्हाईक कोण, त्याला काय आवडते, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, विणणाऱ्याला नसते. नफाही त्याच बाजूला राहतो. ही दरी तालीमनेच भरेल. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ पासून आहे. तेथे वस्त्रतंत्र शिकवतात. रंग, नक्षी, हिशेब, बाजार हे सारे शिकण्याचे विषय आहेत. आणि मुलींनीही ते शिकावेत. घरात कापड पारखतात त्या. मग कापडाचा धंदा त्यांना का कळू नये?

कापूस पिकवणारे हात आपल्याकडे आहेत, विणणारे हात आपल्यात आहेत. उणीव आहे ती जाणकारीची. ती भरून काढण्यासाठीच ही संस्था आहे.