पत्ता नसलेले पत्र



तुमच्यापैकी कित्येकांनी नुकतेच आयुष्यातले पहिले पत्र लिहिले असेल. पत्रावर पत्ता घालावा लागतो. पत्ता चुकला की पत्र पोचत नाही. आज मी तुम्हांला एका अशा पत्राची हकीकत सांगणार आहे, की ज्यावर घेणाराचा पत्ताच नाही!

१९७७ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने दोन याने आकाशात सोडली. व्हॉयेजर एक आणि व्हॉयेजर दोन. व्हॉयेजर म्हणजे प्रवासी. गुरू आणि शनी हे ग्रह जवळून पाहायचे, हे त्यांचे काम. ते त्यांनी चोख केले. दुसरे यान तर पुढे युरेनस आणि नेपच्यून यांनाही भेटून आले. काम संपले, पण याने थांबली नाहीत. त्यांचा वेगच असा, की सूर्याची ओढ त्यांना मागे आणू शकत नाही.

सूर्यापासून बारीक कणांचा एक वारा सारखा वाहत असतो. तो जिथवर पोचतो, ती सूर्याच्या गावाची वेस समजा. पहिल्या यानाने २०१२ साली ही वेस ओलांडली, दुसऱ्याने २०१८ साली. पण वेस ओलांडली म्हणजे शिव ओलांडली असे नाही. सूर्याची ओढ पुढेही फार लांबवर आहे. ती शिव पार करायला हजारो वर्षे लागतील.

आता पत्राकडे येऊ. दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली आहे. तिच्यात पावसाचा, वाऱ्याचा, पाखरांचा आवाज आहे. माणसांची चित्रे आहेत. ५५ भाषांत नमस्कार आहेत. त्यांत आपली मराठीही आहे बरे का! आणि गाणे आहे गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचे, भैरवी रागातले. पहिले यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला बाई वारल्या. आवाज मात्र प्रवासात आहे.

तबकडी कशी वाजवावी, हे तिच्या वेष्टणावर चित्रांनी दाखवले आहे. कारण वाचणाराला आपली लिपी कुठून येणार? पाठवणाराचा पत्ताही चित्रानेच दिला आहे.

तुम्ही म्हणाल, "अहो, पण तिकडे कोणी आहे का?"

खरे सांगायचे, तर अजून कोणी सापडलेले नाही. दुसऱ्या सूर्यांभोवती फिरणारे सहा हजारांच्या आसपास ग्रह माहीत झाले आहेत. काहींवर पाणी असू शकेल. पाणी आहे तिथे जीव असेलच असे नाही. पण शोध तिथूनच सुरू करावा लागतो. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली समुद्र असावा, असे मानतात. तो चंद्र पाहायला २०२४ साली एक नवे यान निघाले आहे.

मग आपले पत्र कोणाला मिळेल? अंतर ऐका. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत ८ मिनिटांत येतो. पहिल्या यानापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? तिथवर उजेडालाच सव्वाचार वर्षे! यानाच्या चालीने तेवढे अंतर कापायला सत्तर हजारांवर वर्षे लागतील.

यानाची वीजही दरसाल कमी होते आहे. ती पुरावी म्हणून एकेक यंत्र बंद करावे लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिले यान असंबद्ध बोलू लागले. त्याच्या स्मरणयंत्राचा एक तुकडा बिघडला होता. तिथे कारागीर कसा जाणार? इथल्या लोकांनी जुने कागद काढले, वाचले, आणि नव्या सूचना रेडिओने धाडल्या. एका सूचनेचे उत्तर यायला जवळजवळ दोन दिवस लागत. तरी एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले. पन्नास वर्षांपूर्वी कोणी तरी नीट लिहून ठेवले होते, म्हणून हे साधले.

एक दिवस दोन्ही याने गप्प होतील. तबकड्या मात्र पुढे जातच राहतील. पत्र कोणी वाचील की नाही, कोण सांगणार? पण ते लिहिताना माणसांना एकत्र बसून ठरवावे लागले, की आपण कोण आणि आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे.

तुम्हीही आज घरी गेल्यावर एक पत्र लिहा. तुमच्या पत्राला मात्र पत्ता आहे. ते नक्की पोचेल.