स्थानिक स्वराज्यातील रिकाम्या जागा

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय वरकरणी रुक्ष आहे. मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे असा तीन रकान्यांचा तक्ता सभेत टाळ्या मिळवून देत नाही. मोर्चा पाण्यासाठी निघतो, रेशनसाठी निघतो, जमिनीसाठी निघतो. रिक्त पदासाठी मोर्चा निघाल्याचे क्वचितच ऐकू येते. परंतु वाडीवर पाणी का येत नाही, दाखला का मिळत नाही, मूल चौथीत जाऊनही वाचू का शकत नाही, याचा माग काढीत गेलो तर पुष्कळदा एका रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबावे लागते. म्हणून या खुर्चीचा विचार राजकीय प्रश्न म्हणून करणे अगत्याचे आहे.

भीमाशंकरच्या उतरणीखालच्या खांडस भागात किंवा खालापुरातील चौकजवळच्या डोंगरवाडीत ‘शासन’ म्हणजे काय? ते मंत्रालय नव्हे, अलिबागची जिल्हा परिषदही नव्हे. तेथे शासन म्हणजे चार-पाच माणसे: शिक्षक, आरोग्यसेविका, अंगणवाडीसेविका, तलाठी आणि ग्रामसेवक. (ग्रामसेवकाला २०२४ च्या निर्णयानुसार ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नवे नाव मिळाले.) यांतील एक माणूस कमी झाला की वाडीपुरते शासनाचे एक खाते बंद पडते. शहरात एक दवाखाना बंद असला तर माणूस दुसऱ्यात जातो. डोंगरवाडीला असा दुसरा पर्याय नसतो.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यानंतर तीस वर्षांनी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि अकराव्या परिशिष्टात २९ विषय पंचायतींसाठी नमूद झाले. डॉ. राममनोहर लोहियांनी त्याच्या कितीतरी आधी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंबा राज्याची कल्पना मांडली होती. सरकारी खर्चाचा एक चतुर्थांश भाग खालच्या पंचायतींच्या हातून व्हावा आणि कलेक्टरचे पद नसावे, असा त्यांचा आग्रह होता. आज खालचे दोन खांब कागदावर उभे आहेत. विषय खाली आले, काही पैसाही आला. पण काम करणारा माणूस केव्हा आणि किती संख्येने नेमायचा, याचा निर्णय मुंबईतच राहिला. जाहिरात जिल्हा परिषदेच्या नावाने निघते खरी, परंतु ती काढण्याची परवानगी, आकृतिबंध, परीक्षेची यंत्रणा आणि वेळापत्रक ही सर्व राज्य शासनाची. ज्याला माणूस नेमता येत नाही, त्याच्या स्वराज्याला स्वराज्य तरी कसे म्हणावे?

गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहा. मार्च २०१९ मध्ये राज्यातील जिल्हा परिषदांनी सुमारे साडेतेरा हजार पदांच्या जाहिराती काढल्या. तरुणांनी शुल्क भरून अर्ज केले. ती भरती रेंगाळली. मे २०२० मध्ये महासाथीचे कारण देऊन वित्त विभागाने, आरोग्य खाते वगळता, नव्या भरतीवर बंदी घातली. अखेर २०२२ मध्ये ती प्रक्रियाच रद्द झाली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ३४ जिल्हा परिषदांसाठी १९,४६० पदांची नवी जाहिरात आली आणि खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला पुन्हा एक हजार रुपये शुल्क भरावे लागले. प्राथमिक शिक्षकांच्या बाबतीत २०१० च्या भरतीनंतरची पुढची मोठी भरती होण्यास २०१९ साल उजाडले. २०१० साली पहिलीत बसलेले मूल २०१९ साली दहावीच्या वर्गात होते. त्या मुलाच्या दृष्टीने ‘भरती लवकरच होईल’ या आश्वासनाला काय अर्थ होता?

उमेदवार मिळत नाहीत म्हणून जागा रिकाम्या राहतात, हा समज म्हणूनच टिकत नाही. एकेका जागेसाठी रांगा लागलेल्या असतात. जागा रिकामी राहते, कारण ती रिकामी ठेवल्याने पगाराचा खर्च वाचतो आणि ती बचत अंदाजपत्रकात दिसते. त्या बचतीची किंमत मात्र कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. आरोग्यसेविका नसली की बाळंतिणीला घेऊन कर्जतला किंवा पनवेलला जायचे, जीपचे भाडे द्यायचे, दोन दिवसांची मजुरी बुडवायची. सरकारने वाचविलेला पैसा असा कातकऱ्याच्या कनवटीतून वसूल होतो. हा एक कर आहे. तो कुणी बसविला याची नोंद नसते, एवढेच.

दुसरी वाट आहे तात्पुरत्या नेमणुकीची. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपयांवर राबविण्याची प्रथा पडली. २०२३ मध्ये ते मानधन १६,००० झाले, पण तत्त्व तेच राहिले: काम पूर्ण शिक्षकाचे आणि मोबदला अर्धाही नाही. जुलै २०२३ मध्ये रिक्त जागी निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपयांवर बोलाविण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी कामांसाठी नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला आणि लोकांच्या संतापामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. हा विजय लहान नव्हे. परंतु अंगणवाडीसेविका आणि आशा मानधनावरच राहिल्या. ४ डिसेंबर २०२३ पासून अंगणवाडीसेविकांनी संप केला आणि तो जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत, पन्नास दिवसांहून अधिक, चालला. वाडीवर जी सेविका हमखास सापडते, तिलाच कर्मचारी म्हणवून घेण्याचा हक्क नाही.

आता नेमलेला माणूस टिकत का नाही, या प्रश्नाकडे येऊ. येथे आपल्या तालुक्यांचा भूगोल आड येतो. कर्जत आणि खोपोलीपर्यंत लोकल धावते. खालापुरातून द्रुतगती महामार्ग जातो. पनवेल आणि नवी मुंबई हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे कर्मचारी बदलापूरला, पनवेलला किंवा कर्जत शहरात राहतो आणि गाडीच्या वेळेने वाडीवर येतो-जातो. डॉक्टरांचे तर विचारूच नका. सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडलेला डॉक्टर बंधपत्राचे एक वर्ष आरोग्य केंद्रात काढतो. वाडीची माणसे त्याला ओळखू लागतात न लागतात, तोच त्याचे वर्ष संपते.

शासनाने यावर काढलेला उपाय म्हणजे मुख्यालयी राहण्याची सक्ती. सप्टेंबर २०१९ मध्ये असा निर्णय झाला की कर्मचारी गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव असल्याशिवाय घरभाडे भत्ता मिळणार नाही. ग्रामसभेला महत्त्व आले, हे ऐकायला बरे वाटते. पण राहण्याजोगे घर, पाणी, स्वतःच्या मुलांसाठी शाळा यांची सोय न करता ठराव मागितला तर मिळतो तो कागद. सरपंच सही देतो, कर्मचारी भत्ता घेतो आणि वाडी होती तशीच राहते. सक्तीने माणूस हजेरीपटावर टिकेल. वाडीवर टिकण्यासाठी त्याला घर हवे.

येथे मी आपल्यातीलच काही मित्रांना न आवडणारी गोष्ट बोलणार आहे. या वर्गात शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते आहेत आणि ज्यांच्या वाडीच्या शाळेत एकच शिक्षक उरला आहे असे पालकही आहेत. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून कोकणात नेमलेल्या शिक्षकाचे आई-वडील, कधी पत्नीही, शेकडो मैलांवर असतात. त्याने आंतरजिल्हा बदली मागणे हा गुन्हा नव्हे. परंतु त्याची बदली झाली आणि जागी कुणी आले नाही, तर त्याच्या न्याय्य हक्काची भरपाई वाडीतील मुले करतात. दोन श्रमिकांच्या हिताचा असा झगडा लावून देणारा तिसराच असतो आणि तो अलिप्तपणे बाजूला उभा राहतो. आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे: बदली व्हावी, पण जागी येणारा माणूस रुजू झाल्यानंतरच जुन्याला कार्यमुक्त करावे. ही मागणी पालकांनी आणि शिक्षक संघटनेने एकत्र केली पाहिजे, कारण बदली अडण्याचे खरे कारण शिक्षकाचा हट्ट नसून न झालेली भरती आहे.

या लढ्यात कायदाही हाताशी आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे २६ वे कलम सांगते की शाळेतील रिक्त पदे त्या शाळेच्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. यातील ‘त्या शाळेच्या’ हे शब्द ध्यानात ठेवा. अधिकारी आपल्याला जिल्ह्याची टक्केवारी सांगतात आणि ती पुष्कळदा सुसह्य वाटते. पण कायदा हिशेब मागतो तो शाळेमागे. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी असली की ती पन्नास टक्के रिकामी असते. उरलेला शिक्षक चार वर्ग शिकवणार, पोषण आहाराचा हिशेब ठेवणार, माहिती भरणार आणि केंद्रावरच्या बैठकीला गेला की शाळा बंद राहणार. जिल्ह्याच्या सरासरीत अशी शाळा दिसेनाशी होते. कायद्याने तिला दिसण्याचा हक्क दिला आहे. तो बजावणे आपल्या हाती आहे.

माणूस वाडीवर राहतो तेव्हा केवळ सेवाच मिळते असे नाही. वाडीची माहितीही वर पोचते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने त्या वेळी सांगितले. रिक्त पदांमुळे दरड कोसळली, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल आणि मी ते म्हणणार नाही. पण याद्या कशा होतात, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. उतारावर पडलेली भेग, नव्याने फुटलेला झरा, कललेले झाड यांची खबर ठाकरांच्या पोरालाही असते. ती खबर कचेरीत पोचविणारे, पावसाळ्यात पायवाट चढून जाणारे कुणी पगारी माणूस नेमलेले असावे लागते.

म्हणूनच स्थानिक माणसांच्या नेमणुकीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शेजारच्या शहापूरमध्ये आणि डोंगरापलीकडे आंबेगाव-जुन्नरच्या काही गावांत अनुसूचित क्षेत्र आहे. तेथे २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने काही पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे कर्जतच्या ठाकर-कातकऱ्यांना ते दार कधी उघडलेच नाही. शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आंध्र प्रदेशाच्या प्रकरणात अमान्य केले, हेही आपण विसरू नये. पण आरक्षण हाच एक मार्ग नाही. वाडीतील मुलींना परिचारिकेचे आणि मुलांना अध्यापनाचे शिक्षण सरकारी खर्चाने देऊन परीक्षेसाठी तयार करणे, यास कोणत्याही न्यायालयाची मनाई नाही. आज शिकलेला स्थानिक तरुण शेतघरांची राखण करतो किंवा रसायनी-खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जातो, आणि त्याच्याच गावातली जागा रिकामी असते.

काही सज्जन मंडळी सुचवितात की सरकारकडे डोळे लावण्यापेक्षा स्वयंसेवकांकरवी शाळा चालवाव्यात. या तालुक्यात हे सुचविताना भाई कोतवालांचे नाव हटकून निघते. माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झालेल्या या तरुण वकिलाने वाड्यांतून शाळा काढल्या, धान्यपेढ्या उभारल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हौतात्म्य पत्करले. परंतु ते राज्य परकीयांचे होते आणि वाडीतल्या मुलाला शिकविणे हे त्या राज्याने आपले कर्तव्य मानले नव्हते. आज ते कर्तव्य कायद्यात लिहिलेले आहे. कोतवालांच्या नावाने त्या कर्तव्यातून सरकारची सुटका करणे हा त्यांच्या स्मृतीचा सन्मान नव्हे.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ प्रशासकाने कारभार पाहिला. लोकप्रतिनिधीची जागाच रिकामी असेल तर शिक्षकाची रिकामी जागा कुणी विचारायची?

आता कामाचे बोलू. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या ग्रामपंचायतीतील शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि पंचायत कार्यालय यांची मंजूर पदे, भरलेली पदे आणि प्रत्येक जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे, ही यादी माहितीच्या अधिकाराखाली मिळवावी. ती येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि चावडीवर लावावी. दोन शिक्षकी शाळांची यादी वेगळी काढून २६ व्या कलमाखाली लेखी तक्रार पंचायत समितीकडे द्यावी आणि पोच घ्यावी. कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी जागा देण्याचा ठराव पंचायतीने करावा, म्हणजे भत्त्याच्या कागदाऐवजी घराची मागणी पुढे जाईल. आणि मंजूर पदांवरील भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात करण्याचा अधिकार जिल्हा परिषदेलाच मिळावा, ही मागणी प्रत्येक उमेदवारासमोर, आपल्या आणि परक्याही, ठेवावी.

ही यादी करायला पैसा लागत नाही. खांडसपासून वावोशीपर्यंत पायी फिरणारी माणसे लागतात. तेवढी माणसे या खोलीत आहेत. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या गावची यादी बरोबर आणावी.